पशुवैद्यकीय शिक्षण व शिष्यवृत्ती : अर्ज भरण्यापूर्वी

शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्याभोवती भाजी, कापड, भांडी यांच्या दुकानांच्या रांगेतच झेरॉक्स काढून देणारी व 'ऑनलाइन फॉर्म भरून मिळेल' अशी पाटी लावलेली लहानलहान दुकाने आहेत. २०२४ सालच्या पावसाळ्याच्या अखेरीस अशाच एका दुकानात आपल्या समाजातील एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन उभे होते. मुलीला परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयात प्रवेश मिळाला होता. घरात आनंद होता, आणि पैशाची काळजीही होती. गृहस्थ हातगाडीवर भाजी विकतात. साडेपाच वर्षांचे शिक्षण त्यांच्या हिशेबात बसत नव्हते. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना 'धर्म' आणि 'जात' हे दोन रकाने आले. दुकानातील मुलाने सहजपणे विचारले, "काका, एस.सी. टाकू का? त्यात सगळी फी माफ होते." गृहस्थांनी हात आडवा केला व म्हणाले, "थांब बाबा, आधी विचारून येतो."

त्यांनी विचारले हे फार बरे केले. शिष्यवृत्ती कोठे आहेत, याची माहिती आज मोबाइलवर मिळते. परंतु आपण कोणत्या नावाखाली अर्ज करावा, हे कोणी सांगत नाही, आणि आपल्या कुटुंबांची खरी अडचण तेथेच असते. म्हणून हा लेख.

प्रथम अभ्यासक्रमाविषयी थोडे. पशुवैद्यकीय शास्त्र व पशुसंवर्धन ही पदवी साडेपाच वर्षांची आहे. त्यात साडेचार वर्षे शिक्षण व एक वर्ष आंतरवासिता. महाराष्ट्रात हे शिक्षण नागपूर येथील महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत येते. या विद्यापीठाची स्थापना २००० साली झाली. त्याची पदवीची जुनी पाच महाविद्यालये मुंबई, नागपूर, परभणी, लातूर जिल्ह्यातील उदगीर आणि सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथे आहेत. मुंबईचे महाविद्यालय सर्वांत जुने. ते १८८६ साली परळला सुरू झाले, आणि तेही बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या पशुरुग्णालयाच्या आधाराने. मराठवाड्यातील मुलांना परभणी व उदगीर ही दोन ठिकाणे जवळची. दोन्हीकडे रेल्वेने जाता येते.

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय असावे लागतात, आणि प्रवेश 'नीट' परीक्षेतील गुणांवर होतो. येथे पालकांची एक चूक वारंवार होते. 'नीट' दिली म्हणजे सर्व वैद्यकीय शाखांचा अर्ज आपोआप भरला गेला, असे त्यांना वाटते. तसे नाही. वैद्यकीय व दंतवैद्यकीय शाखांचे प्रवेश राज्याचा प्रवेश परीक्षा कक्ष करतो. पशुवैद्यक पदवीचे प्रवेश विद्यापीठ स्वतःच्या प्रक्रियेने करते व त्यासाठी वेगळा अर्ज मागवते. देशपातळीवरील १५ टक्के जागा भारतीय पशुवैद्यक परिषद भरते. तिचा अर्ज आणखी निराळा. चांगले गुण असूनही केवळ दुसरा अर्ज न भरल्यामुळे घरी बसलेली मुले आपण पाहिली आहेत. आजही काही घरांत 'गुरांचा डॉक्टर' म्हटले की हसू येते. ज्यांच्या दारात दोन शेळ्या आणि एक म्हैस आहे, ते मात्र हसत नाहीत.

अल्पसंख्याक आणि मागासवर्गीय : दोन वेगळ्या गोष्टी

ख्रिस्ती समाज हा १९९२ च्या राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोग कायद्यान्वये १९९३ साली अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित झाला. हा दर्जा धर्मामुळे मिळतो. त्यासाठी जातीचे प्रमाणपत्र लागत नाही. मात्र अल्पसंख्याक म्हणजे आरक्षण नव्हे. शासकीय पशुवैद्यक महाविद्यालयांत अल्पसंख्याकांसाठी वेगळ्या जागा नसतात. अल्पसंख्याक असलेली व्यक्ती त्याच वेळी इतर मागासवर्गीय किंवा अनुसूचित जमातीचीही असू शकते, किंवा खुल्या प्रवर्गातील आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकात मोडू शकते. हे तिन्ही प्रश्न वेगवेगळे सोडवावे लागतात.

अनुसूचित जातींविषयीचा नियम कटू आहे, तरी तो स्पष्ट आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदानुसार हा दर्जा हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती व्यक्तीला तो मिळत नाही. हा भेद असावा की नसावा, यावर बरीच वर्षे वाद चालू आहे, न्यायालयात याचिका आहेत, आणि २०२२ च्या ऑक्टोबर महिन्यात केंद्राने न्या. के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोगही नेमला. या नियमाने आपल्या माणसांवर अन्याय होतो, असे प्रस्तुत लेखकाचेही मत आहे. परंतु अर्ज आजच्या नियमाने भरावयाचा असतो. स्नानसंस्कार झालेल्या, चर्चला नियमित जाणाऱ्या मुलीने अनुसूचित जातीच्या रकान्यात खूण करणे हे खोटे निवेदन ठरते. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुदुचेरीतील एका प्रकरणात नेमका हाच दावा फेटाळला. केवळ आरक्षणाच्या लाभासाठी हिंदू असल्याचे सांगणे ही राज्यघटनेची फसवणूक आहे, असा त्या निकालाचा आशय होता. महाराष्ट्रात तर २००० च्या जात प्रमाणपत्र अधिनियमाप्रमाणे खोट्या दाव्यावर घेतलेला प्रवेश रद्द होतो, घेतलेली रक्कम वसूल होते, पदवी काढून घेतली जाते व सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. चौथ्या वर्षाला असताना पडताळणीत असे काही निघाले, तर त्या मुलीचे काय होईल, याचा विचार दुकानातील मुलगा करीत नाही. त्याला पुढचे गिऱ्हाईक असते.

मग आपल्या मुलांसाठी काय आहे? पुष्कळ आहे. अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांचा समावेश महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गाच्या यादीत आहे. मराठवाड्यातील आपली बहुसंख्य कुटुंबे या नोंदीत बसतात, आणि त्यांपैकी अनेकांनी हे प्रमाणपत्र कधी काढलेलेच नाही. या प्रमाणपत्रासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीपासून महाराष्ट्रात वास्तव्य असल्याचा व मूळ जातीचा पुरावा लागतो. तो बहुधा आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेच्या दाखलखारीज नोंदवहीत मिळतो, कधी कोतवाल बुकाच्या नकलेत, कधी जुन्या महसुली कागदांत. धर्मग्रामाच्या स्नानसंस्कार नोंदवहीतील उतारा वंशावळ जुळविण्यासाठी पूरक म्हणून उपयोगी पडतो. परंतु समितीपुढे मुख्य वजन शाळा व महसूल यांच्या नोंदींनाच असते.

आदिवासी ख्रिस्ती कुटुंबांचा प्रश्न सोपा आहे. अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही. आजा भिल्ल होता व नातू ख्रिस्ती आहे, एवढ्याने नातवाचा हक्क जात नाही. त्याने निःसंकोचपणे आदिवासी विकास विभागाच्या योजनांत अर्ज करावा. केवळ जमातीच्या प्रमाणपत्राची पडताळणी वेळेत करून घ्यावी, कारण ती काटेकोरपणे होते.

ज्या कुटुंबांची जात कोणत्याच यादीत नाही, त्यांनी वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांच्या आत असल्यास आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र काढावे. २०१९ च्या घटनादुरुस्तीने आलेली ही सवलत ख्रिस्ती कुटुंबांनाही लागू आहे.

योजना कोणत्या

राज्य शासनाच्या बहुतेक शिष्यवृत्तींचा अर्ज 'महाडीबीटी' या एकाच संकेतस्थळावर भरावयाचा असतो. तेथे विभागवार यादी आहे व तिच्यात पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे नाव स्वतंत्रपणे दिलेले आहे. हे लक्षात ठेवावे, कारण बरेच जण उच्च शिक्षण किंवा वैद्यकीय शिक्षण विभागाच्या यादीत शोधत बसतात व आपल्या शाखेला काहीच नाही असे समजून परत जातात.

या विद्यापीठाच्या नावाखाली प्रामुख्याने दोन योजना येतात. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती ही खुल्या प्रवर्गातील, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी आहे. तिच्यात शिक्षणशुल्काचा भाग शासन भरते. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांसाठी आहे. बांधकामावर जाणाऱ्या पालकांनी कामगार म्हणून नोंदणी केलेली असेल, तर त्या नोंदणीचा मुलाला येथे उपयोग होतो. ज्यांची नोंदणी नाही, त्यांनी ती आजच करावी. परभणी-उदगीरला शिकणाऱ्या मुलाच्या घरच्यांना वसतिगृह, खानावळ व पुस्तके यांचाच भार अधिक जाणवतो, म्हणून हा भत्ता क्षुल्लक समजू नये.

इतर मागासवर्गीयांना त्यांच्या कल्याण विभागाच्या यादीत मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती व शिक्षणशुल्काची सवलत मिळते. नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र लागते. व्यावसायिक अभ्यासक्रमांतील मुलांना शुल्काची सवलत निम्मी आहे. मुलींच्या बाबतीत मोठा बदल झाला आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश घेतलेल्या इतर मागासवर्गीय, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींना, कौटुंबिक उत्पन्न ८ लाख किंवा त्याहून कमी असल्यास, २०२४-२५ पासून शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क शंभर टक्के माफ झाले. पशुसंवर्धन विभागाचे अभ्यासक्रम त्यात समाविष्ट आहेत. म्हणजे शहागंजच्या त्या दुकानात, ज्या माफीसाठी खोटी खूण करण्याचा सल्ला मिळत होता, ती माफी त्या मुलीला खरी माहिती देऊनही मिळण्यासारखी होती. अडचण एकच होती. तिच्याकडे इतर मागासवर्गाचे प्रमाणपत्र नव्हते, कारण घरात कोणी ते काढलेच नव्हते.

शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या इतर मागासवर्गीय मुलांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे; आदिवासी मुलांसाठी तशीच पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. दोन्हींत भोजन, निवास व निर्वाहासाठी रक्कम थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होते.

अल्पसंख्याक म्हणून मिळणाऱ्या मदतीविषयी मात्र सावधपणे बोलले पाहिजे. आपल्या अनेक धर्मग्रामांच्या सूचनाफलकांवर केंद्र शासनाच्या मॅट्रिकोत्तर व गुणवत्ता-नि-साधन शिष्यवृत्तींची जुनी पत्रके अजून लावलेली असतात. त्या योजनांना मान्यता २०२१-२२ या वर्षापर्यंतच होती. ती पत्रके काढून टाकावीत. चालू वर्षाच्या यादीत जी योजना दिसते, तेवढीच खरी मानावी. राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाची उच्च व व्यावसायिक शिक्षणासाठी शिष्यवृत्ती आहे. महाडीबीटीवर आपली माहिती पूर्ण भरल्यानंतर आपल्या अभ्यासक्रमासमोर ती येते का, हे पाहावे. राज्याचे अल्पसंख्याक विकास आयुक्तालय आपल्या छत्रपती संभाजीनगर शहरातच आहे. शंका असल्यास तेथे समक्ष जाऊन विचारता येते. कर्ज घेण्याची वेळ आलीच, तर बँकेत जाण्यापूर्वी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी करावी. महामंडळाच्या नावावरून ते एकाच समाजाचे आहे असा काहींचा समज होतो. ते सर्व अल्पसंख्याकांसाठी आहे व त्याचा व्याजदर कमी असतो.

केंद्राची एक शिष्यवृत्ती जात व धर्म दोन्ही विचारात न घेता मिळते, आणि आपल्याकडे तिची माहिती फार थोड्यांना आहे. बारावीला आपल्या मंडळात ८० व्या शततमकाच्या वर असलेल्या व साडेचार लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या विद्यार्थ्यांना पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत दरवर्षी १२ हजार आणि व्यावसायिक अभ्यासक्रमात चौथ्या व पाचव्या वर्षी २० हजार रुपये मिळतात. देशभरात दरवर्षी अशा ८२ हजार नव्या शिष्यवृत्ती असतात व त्यांतील निम्म्या मुलींसाठी राखलेल्या असतात. तिचा अर्ज महाडीबीटीवर नसून राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करावयाचा असतो. मात्र दुसरी शिष्यवृत्ती घेत असल्यास ही घेता येत नाही; म्हणून दोहोंपैकी कोणती फायद्याची, याचा हिशेब आधी करावा.

खासगी न्यासांपैकी रिलायन्स फाउंडेशनची पदवी शिष्यवृत्ती प्रथम वर्षाच्या कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्यांना खुली असते. संपूर्ण पदवीकाळात मिळून २ लाख रुपयांपर्यंत मदत होते. त्यासाठी एक क्षमता चाचणी द्यावी लागते. ती फक्त पहिल्या वर्षी मागता येते, हे विसरू नये. जो कोणी शिष्यवृत्ती मिळवून देण्यासाठी आगाऊ पैसे मागेल, त्याच्यापासून मात्र दूर राहावे. खऱ्या शिष्यवृत्तीच्या अर्जाला शुल्क नसते. दुकानदाराची मजुरी तेवढी द्यावी लागते.

कागदपत्रांची तयारी

अर्ज भरायला एक तास लागतो. कागद गोळा करायला वर्ष लागू शकते. म्हणून तयारी अकरावीतच सुरू करावी. जातीचे प्रमाणपत्र मिळाल्यावर त्याची पडताळणी जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडून करून घ्यावी लागते. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला अकरावी-बारावीत असतानाच महाविद्यालयामार्फत हा अर्ज करता येतो. बारावीनंतर धावपळ करणाऱ्यांची तेथे फार गर्दी होते.

आपल्या कुटुंबांत कागदांवरील नावांचा घोळ विशेष असतो. शाळेत 'हिंदू' व जुनी जात, आधारवर एक नाव, स्नानसंस्काराच्या दाखल्यावर दुसरे. घरी सगळे 'अंतोन' म्हणतात, शाळेत 'अनिल' लिहिलेले असते. शाळेच्या नोंदीत दुरुस्ती दहावीपूर्वी तुलनेने सहज होते, नंतर राजपत्रात नाव प्रसिद्ध करावे लागते व वेळही जातो. पालकांनी दहावीचा अर्ज भरण्याआधी मुलाचे सर्व कागद एकदा टेबलावर मांडून अक्षरशः ताडून पाहावेत. धर्माच्या रकान्यात जे खरे आहे, तेच असावे. शाळेत हिंदू आणि शिष्यवृत्तीला ख्रिस्ती, किंवा याच्या उलट, अशी दोन दगडांवर पाय ठेवण्याची सवय पुढच्या पिढीला महागात पडते.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा असावा लागतो. तो सेतू केंद्रातून मिळतो व आर्थिक वर्षासाठी चालतो, म्हणून तो दरवर्षी नव्याने काढावा. त्याशिवाय अधिवास प्रमाणपत्र, शिधापत्रिका, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, प्रवेशप्रक्रियेतील जागावाटपाचे पत्र आणि महाविद्यालयाची शुल्क पावती जवळ असावी. 'नीट'साठी एक वर्ष थांबलेल्या विद्यार्थ्याने खंडाचे प्रतिज्ञापत्र जोडावे. काही योजना कुटुंबातील दोनच अपत्यांपुरत्या आहेत; त्याविषयीचे घोषणापत्र खरे द्यावे.

बँक खाते विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचे असावे, आणि ते आधारशी जोडलेले असावे. येथे एक बारकावा आहे. बँकेत आधारची प्रत देणे वेगळे आणि थेट लाभासाठी खाते आधारला जोडणे वेगळे. आधारला जे खाते शेवटी जोडले गेले असेल, त्यातच रक्कम जाते. आमच्या ओळखीच्या एका मुलाची पूर्ण वर्षाची रक्कम त्याने मोबाइलवर कधीतरी उघडलेल्या व विसरलेल्या खात्यात पडून होती आणि तो महाविद्यालयाच्या लिपिकाला दोष देत होता.

अर्ज पाठविला म्हणजे काम संपले नाही. तो प्रथम महाविद्यालयाच्या लेखनिकाकडे जातो, तेथून पुढे विभागाकडे. त्रुटी असेल तर अर्ज परत येतो व दुरुस्तीसाठी ठरावीक मुदत असते. संदेश येईल म्हणून वाट पाहू नये. आठवड्यातून एकदा स्वतः खाते उघडून पाहावे. त्यासाठी संकेतशब्द स्वतःजवळ असावा लागतो. दुकानदाराच्या वहीत तो लिहून ठेवणारे विद्यार्थी पुढच्या वर्षी अडतात. अर्जात आपला मोबाइल क्रमांक द्यावा. दुकानदाराचा देऊ नये. अर्जाची छापील प्रत घेऊन महाविद्यालयात समक्ष द्यावी व पोच घ्यावी. दरवर्षी नूतनीकरण करावे लागते, उपस्थिती ७५ टक्के ठेवावी लागते, आणि वर्ष अनुत्तीर्ण झाल्यास बहुतेक योजना थांबतात. पशुवैद्यक शाखेचे पहिले वर्ष शरीररचनाशास्त्रामुळे जड जाते, ही गोष्ट मुलांना आधीच सांगून ठेवलेली बरी.

पदवीनंतर पुढे शिकू इच्छिणाऱ्यांसाठी वाट आणखी मोकळी आहे. पदव्युत्तर प्रवेशासाठी भारतीय कृषी संशोधन परिषदेची देशपातळीवरील परीक्षा असते व तिच्यात वरच्या क्रमांकाने येणाऱ्यांना शिष्यवृत्ती मिळते. बरेलीजवळील इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेचे दारही त्याच परीक्षेने उघडते. तेथे प्रवर्गापेक्षा गुणांचे महत्त्व अधिक, म्हणून तिसऱ्या वर्षापासूनच तिच्याकडे लक्ष ठेवावे.

त्या भाजीविक्रेत्या गृहस्थांच्या मुलीने पहिल्या वर्षी खुल्या प्रवर्गातून राजर्षी शाहू योजनेचा अर्ज भरला, कारण हाती तेवढेच कागद होते. तिला मिळावयास हवे होते त्यापेक्षा कमी मिळाले, आणि वसतिगृहाच्या पैशासाठी घरातली एक वस्तू गहाण ठेवावी लागली. त्या हिवाळ्यात वडील गावी गेले. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापकांनी जुनी कपाटे उघडून दिली. दोन फेऱ्या वाया गेल्या. तिसऱ्या फेरीत १९५० च्या दशकातील नोंदवहीत आजोबांचे नाव, गाव आणि जात सापडली. त्यावरून वडिलांचे प्रमाणपत्र झाले, मग मुलीचे, मग पडताळणी. दुसऱ्या वर्षाचा अर्ज तिने शहागंजला न येता वसतिगृहातूनच स्वतः भरला. तिचा धाकटा भाऊ आता अकरावीत आहे. त्याची फाइल वडिलांनी आधीच तयार केली आहे.